रुखवतानंतर

(नाशिकमध्ये भरलेल्या एका महिला मेळाव्यातल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

मला इथे बोलायला बोलावलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. या व्यासपीठावर आजवर बोलून गेलेल्या बायकांनी मोर्चे काढलेत, पोटगीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात, दारूचे गुत्ते बंद पाडलेत. मी काय केलंय? मी गोधड्या शिवते. त्याआधी भरतकाम करायचे, त्याआधी क्रोशा, आणि त्याच्याही आधी, परकरात असताना, पंचवटीतल्या आमच्या वाड्याच्या अंगणात ठिपक्यांच्या रांगोळ्या काढायचे. मी म्हटलं, "अगं, माझी ही नुसती हौस. त्यावर काय भाषण करायचं?" बोलवायला आलेली पोरगी हुशार होती. म्हणाली, "मावशी, 'नुसती' म्हणालात ना, मग त्या 'नुसती'वरच बोला."

म्हणून आज मी त्या 'नुसती'वर बोलणार आहे.

हौस हा शब्द ऐकायला गोड आहे. पण घरात तो कुणासाठी कसा वापरला जातो, ते जरा आठवून बघा. पुरुष संध्याकाळी चार मित्रांत पत्ते खेळत बसला, तर त्याला 'विरंगुळा' म्हणतात. दिवसभर दमून येतो, त्याला लागतो तो. बाई दुपारी सुई-दोरा घेऊन बसली की शेजारीण डोकावते आणि म्हणते, "बरा बाई वेळ मिळतो तुम्हाला!" त्याचा विरंगुळा ही गरज आणि आपली हौस ही चैन. आणि चैन म्हटली की ती सगळ्यांचं सगळं झाल्यावर, उरलीसुरली वेळ असेल तर.

पण एक काळ असा असतो की बाईच्या हाताच्या कलेला घरात फार मान असतो. तो म्हणजे तिचं लग्न ठरल्यापासून ते लग्न लागेपर्यंतचा. मी रुखवताबद्दल बोलतेय. माझं लग्न १९७९ सालचं. चार महिने मी रुखवत करत होते. मोत्यांचं तोरण केलं, क्रोशाचा टेबलक्लॉथ केला, सुपाऱ्यांना कपडे घालून त्यांचं सगळं वऱ्हाड केलं, साखरेचे दागिने केले. आणि मॅटीच्या कापडावर एक मोर भरला. तो मोर मी कुठल्या पुस्तकातून घेतला नव्हता. माझी आत्या येवल्याची. तिच्या पैठणीच्या पदरावर बांगडीमोर होता, म्हणजे गोल बांगडीत बसवलेला मोर. लहानपणी तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी त्या मोरावरून बोट फिरवत असे. विणीतला मोर सगळा काटकोनात असतो, पायऱ्यापायऱ्यांचा. तो सुईने कापडावर आणताना त्याची मान जरा वळवावी असं मला वाटलं. तीन वेळा उसवला. चौथ्यांदा तो माझ्याकडे मान वळवून बघायला लागला. मला अजून तो क्षण आठवतो. रात्रीचे अकरा वाजले असतील, सगळे झोपले होते आणि मी एकटीच हसत होते. प्रेरणा, स्फूर्ती असे मोठे शब्द मी नंतर पुस्तकांत वाचले. माझ्या लेखी स्फूर्ती म्हणजे ती रात्र.

कार्यालयात रुखवत मांडलं. बायका रांगेने बघून गेल्या. एक जण म्हणाली, "मुलगी हाताची गुणी आहे." दुसरी म्हणाली, "संसार नीट करील." मोराची मान का वळलीय, हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळं खोक्यात भरलं गेलं, ते सासरच्या माळ्यावर. बाईच्या आयुष्यातलं हे पहिलं प्रदर्शन, आणि बहुतेकींचं शेवटचं. तिची कला त्या दिवशी कलेसाठी मांडलेली नसते. ती चिकाटीची आहे, गप्प बसून काम करू शकते, चार पैशांत घर सजवू शकते, याचा तो दाखला असतो. दाखला दिला, काम झालं. शाळा सोडल्याचा दाखला कुणी भिंतीवर लावतं का?

आता तर रुखवत तयार मिळतं, भाड्यानेही मिळतं. काही जणी म्हणतात, बरं झालं, सुटल्या मुली. मलाही ते अर्धं पटतं. हुंड्याबरोबर आपली बोटंही मोजून दाखवायची, हा प्रकार गेला तर वाईट वाटायचं कारण नाही. पण रुखवताबरोबर मुलीच्या हातातली सुईही गेली आणि तिच्या वाट्याला दुसरं काहीच आलं नाही, तर तिचा काय फायदा झाला, तेही विचारायला हवं.

तर रुखवतानंतर काय? रुखवतानंतर वेळच नाही. मी हे रडगाणं म्हणून सांगत नाही, हिशेब सांगते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर एक पाहणी केली. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, याची. घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं तेव्हा बिनपगारी घरकामात जात होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची मिनिटं ९७. आणि मुळात हात लावणारे पुरुषच शंभरातले सव्वीस. पोराबाळांचं, म्हाताऱ्यांचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळं. आणि एवढं करून ही बाई सरकारदरबारी कोण? २००१ च्या जनगणनेत गृहिणींना काम न करणाऱ्यांच्या यादीत घातलं होतं, भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत. २०१० साली एका अपघाताच्या नुकसानभरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर कडक शब्दांत नाराजी दाखवली, तेव्हा कुठे चार ठिकाणी चर्चा झाली.

मग या पाच तासांतून, नोकरीतून, मुलांच्या अभ्यासातून बाईला स्वतःचं म्हणून काय उरतं? मला उरायची ती रात्र. स्वयंपाकघरात ओट्याजवळ दिव्याखाली मी भरतकाम घेऊन बसायचे. सासूबाई आतून विचारायच्या, "अजून दिवा कशाला जळतोय गं?" त्या वाईट नव्हत्या. वीजबिलाची काळजी त्यांनाच करावी लागायची. पण मुलाच्या परीक्षेला तोच दिवा रात्री दोनपर्यंत जळायचा आणि तेव्हा त्याच उठून त्याला चहा करून द्यायच्या. मी मग एक युक्ती केली. मुलीचा फ्रॉक शिवतेय, सासूबाईंच्या लुगड्याला फॉल लावतेय, असं काहीतरी मांडीवर ठेवायचं आणि त्याच्याखाली आपलं भरतकाम. उपयोगाचं वर आणि आवडीचं खाली. किती वर्षं मी चोरून शिवलं! आज हसू येतं, पण चोरी कशाची होती? माझ्याच वेळेची.

आता एक गोष्ट सांगते, ती तुमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना कदाचित लागेल. पण आपली माणसं म्हणूनच सांगते. ऐंशीच्या दशकात मी पहिल्यांदा बायकांच्या बैठकीला गेले. मथुरेच्या खटल्यानंतरचे ते दिवस. वातावरण तापलेलं होतं. मला सगळं नवीन होतं आणि भारावून जावं असं होतं. पिशवीत माझं विणकाम होतं. ऐकता ऐकता हात चालतील म्हणून मी ते काढलं. एक ताई चटकन म्हणाल्या, "हे घरी ठेवून येत जा. याच भरतकाम-विणकामात गुंतवून ठेवलंय बायकांना शेकडो वर्षं." त्या चूक बोलत नव्हत्या. मुलींना शाळेत शिवण आणि मुलांना सुतारकाम, ही वाटणी कुणी केली, का केली, ते मी त्यांच्याकडूनच शिकले. पण त्या दिवशी मी विणकाम पिशवीत टाकलं आणि मला वाटलं, अरे, घरीही लपवायचं आणि इथेही लपवायचं?

पुढे वाचनालयातून पुस्तकं आणून वाचायला लागले, तेव्हा कळलं की हा प्रश्न फक्त माझा नाही. रोझिका पार्कर नावाच्या बाईंनी १९८४ साली इंग्लंडमध्ये भरतकामावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्या म्हणतात त्याचं सार असं, की सुईने बाईला बाईपण शिकवलं, मान खाली घालायला लावली, हे खरं; आणि त्याच सुईने बायकांनी त्याविरुद्ध बोलूनही दाखवलं, हेही खरं. त्यांच्याकडे मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या बायका मोर्च्यात भरतकाम केलेले झेंडे मिरवायच्या. १९१२ साली त्यांतल्या पुष्कळ जणी लंडनच्या हॉलोवे तुरुंगात होत्या. तिथे त्यांनी एका रुमालावर दोऱ्याने आपापल्या सह्या भरल्या. साठांहून जास्त सह्या आहेत त्यावर. तुरुंगात आलेली बाई काय करते, तर आपलं नाव भरते! तो रुमाल आजही जपून ठेवलेला आहे.

आणि चिलीमधल्या बायका. १९७३ साली तिथे लष्कराने सत्ता बळकावली. माणसं रात्रीतून उचलली जाऊ लागली, परत येईनात. त्यांच्या आया-बायका चर्चच्या आसऱ्याने एकत्र जमायच्या आणि जुन्या कापडाचे तुकडे तागाच्या कापडावर शिवून चित्रं करायच्या. वरवर बघितलं तर डोंगर, सूर्य, घरं, रंगीत बाहुल्या. नीट बघितलं तर दारात उभी राहून नवऱ्याची वाट बघणारी बाई, बंद पडलेला कारखाना, हातात 'ते कुठे आहेत?' अशी पाटी. ही चित्रं देशाबाहेर गेली आणि जगाला तिथे काय चाललंय ते कळलं. लष्कराला सुरुवातीला त्यात धोका दिसला नाही, कारण बायकांचं शिवणकाम कोण मनावर घेतो? मला हे वाचून फार धीर आला. 'नुसती' म्हणून जे सोडून देतात, त्याच्या आडून किती बोलता येतं!

आणि लांब कशाला जायचं? आपल्या चळवळीत 'मुलगी झाली हो' १९८३ साली आलं, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं. त्यात उभ्या राहिलेल्या बायका काही नाटक कंपनीतल्या नव्हत्या. घर-नोकरी सांभाळून, तालमीला वेळ काढून केलेली ती हौसच होती की! पण ते नाटक बघून गावोगावी किती बायका रडल्या आणि किती जणी दुसऱ्या दिवशी उठून बैठकीला आल्या, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा हौस आणि चळवळ यांचं वैर नाही, एवढं आपण एकदा मान्य करून टाकू.

आता नावाकडे येते. हॉलोवेच्या बायकांनी नाव भरलं. आपल्या बायकांचं काय?

आपल्या पेठ-सुरगाण्याच्या पलीकडे जव्हार-डहाणू-तलासरीचा भाग लागतो. पूर्वी तो ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तिथल्या वारली समाजात लग्नाच्या वेळी घरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, मध्ये पालघाट देवी. तो काढायच्या त्या सवाशिणी, आणि लग्न लावायला गाणी म्हणायची ती धवलेरी, तीही बाईच. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं. लग्न झालं की चौकाचं काम संपलं, भिंत धुरकटली की चित्र गेलं. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी हे चित्रकार तिथे गेले, वारल्यांच्या हातात कागद आला, आणि चित्र भिंतीवरून कागदावर आलं. जिव्या सोमा म्हसे यांचं नाव जगभर झालं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांचा हात अद्भुत होता, याबद्दल वाद नाही. रोजच्या जगण्याची, शेतीची, मासेमारीची चित्रं त्यांनी काढली, ती चौकात नव्हतीच. माझं त्यांच्याशी भांडण नाही. माझा प्रश्न साधा आहे. भिंतीवर होतं तोवर ते बायकांचं काम होतं, रीत होती. कागदावर आलं, विकलं जाऊ लागलं, तेव्हा ती कला झाली आणि बहुतेक नावं पुरुषांची झाली. हे कसं झालं?

आणि हे असंच व्हायला हवं होतं असंही नाही. हेच भास्कर कुलकर्णी त्याआधी काही वर्षं बिहारमध्ये मिथिलेला गेले होते. तिथे दुष्काळ पडला होता, १९६६-६७ चा. भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायकांना कागद द्यायचा, म्हणजे हाताला काम मिळेल, अशी ती योजना. तिथे जगदंबादेवी, सीतादेवी, गंगादेवी ही नावं पुढे आली. जगदंबादेवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, मग बाकीच्या दोघींनाही. म्हणजे कागद बाईच्या हातात पोहोचला, तिथे ती बाहेर पडू शकली आणि तिचं नाव कुणी लिहून घेतलं, तर नाव होतं.

येवल्याला जा. पैठणीच्या मागावर पूर्वी बहुधा पुरुष बसलेला दिसायचा. रेशीम उकलायचं, कांड्या भरायच्या, हे घरातल्या बायका-मुलींनी. ती मजुरी कुठे लिहिलेली नसायची, कारण ती 'घरची मदत'. आता कितीतरी बायका स्वतः मागावर बसतात, ही चांगली गोष्ट आहे. पण साडी विकत घेताना आपण दुकानाचं नाव विचारतो. कुणी विणली, हे आपल्यातल्या किती जणींनी विचारलंय? मीही विचारलेलं नाही.

मला स्वतःला याचा चटका बसला तो नव्वद साली. घरात पैशाची ओढ होती. नवऱ्याच्या कारखान्यात संप चालू होता. मी एका दुकानासाठी ब्लाउजच्या बाह्यांवर भरतकाम करून द्यायला लागले, नगावर पैसे. साखळी टाका, गहू टाका, गाठीचा टाका, जे सांगतील ते. एकदा त्यांच्या नमुन्यात माझा मोर मी आपणहून घातला, मान वळवलेला. तो चालला, फार चालला. दिवाळीच्या आधी मी त्या दुकानावरून जात होते, तर काचेत माझा मोर, आणि त्याच्याखाली पाटी, 'आमची खास डिझाइन'. मी आत गेले. म्हटलं, हा नमुना माझा आहे. ते गृहस्थ हसले. म्हणाले, "बाई, नाव लावायला तुम्ही काय चित्रकार आहात?" मला उत्तर सुचलं नाही. मी आले घरी. मला राग त्यांचा कमी आला आणि माझा जास्त आला. कारण मनातल्या मनात मलाही तेच वाटत होतं, की मी काय चित्रकार थोडीच आहे?

पण नाव लिहून घेणारी माणसंही असतात, तेही सांगितलं पाहिजे. जात्यावरच्या ओव्या घ्या. बायका पहाटे दळताना ओव्या म्हणायच्या. त्यांना कोण कवयित्री म्हणणार? हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि ओवीबरोबर म्हणणारीचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. मला हे काम फार मोठं वाटतं. नाही तर 'लोकगीत' म्हटलं की झालं. लोक म्हणजे कोण, तर कुणीच नाही.

आता मी जरा स्वतःलाच उलटं विचारते. ही जी हौस-हौस मी म्हणतेय, ती कुणाला परवडते?

आमच्याकडे धुण्याभांड्याला एक बाई यायच्या, सिन्नरकडच्या. गोधडी मी त्यांच्याकडून शिकले. भरतकामाने माझे डोळे दुखायला लागले होते. म्हटलं, आता मोठे टाके घालू. दुपारी तासभर आम्ही दोघी जुनी लुगडी, धोतरं पसरून बसायचो. थर कसे लावायचे, कडेपासून आत आत धावदोरा कसा आणायचा, मध्ये फुगा येऊ नये म्हणून हाताने कापड कसं चापत जायचं, हे सगळं त्यांनी शिकवलं. एकदा मी कौतुकाने म्हटलं, "तुम्हालाही किती हौस आहे हो!" त्या शिवता शिवता थांबल्या. म्हणाल्या, "ताई, तुमची ती हौस हाये. आमची ती थंडी हाये."

मी गप्पच झाले. निफाड-सिन्नरकडची थंडी तुम्हाला माहीत आहे. राज्यातला सगळ्यात कमी पारा बऱ्याचदा निफाडचा असतो. पत्र्याच्या घरात चार पोरांवर घालायला एकच पांघरूण असेल तर गोधडी ही कला कसली? ज्या बायका नगावर मणी ओवतात, विड्या वळतात, बटणं लावतात, त्यांच्या हातकामाला हौस म्हणणं म्हणजे त्यांची मजुरी बुडवणं आहे. हे विसरून मी भाषण करेन तर ते खोटं ठरेल.

पण त्या बाईंची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. थोड्या वेळाने त्यांनी मधला तुकडा निवडायला घेतला. बाजूला पांढऱ्या धोतराचा चांगला, जाड तुकडा होता. त्यांनी तो सोडला आणि पिशवीत खाली हात घालून एक लाल खणाचा तुकडा शोधून काढला, झिजलेला. मी म्हटलं, "तो पांढरा जास्त ऊब देईल की." त्या म्हणाल्या, "मंग काय झालं? थंडीबी वाजती आन् डोळ्यालाबी काय उपाशी ठेवायचं?"

मैत्रिणींनो, मला जे सांगायचंय ते त्या एका वाक्यात आहे. डोळ्यालाही भूक असते, आणि ती गरीब बाईलाही असते. तिला ऊब हवी, मजुरी हवी, आणि लाल तुकडाही हवा. यातलं एक दिलं म्हणून दुसरं कापायचं नाही.

हे बचत गटांच्या ताईंनाही मी हात जोडून सांगते. गटांनी बायकांच्या हातात पैसा दिला, ही मोठी गोष्ट आहे. पण एखादी बाई सुंदर काही करते असं दिसलं की आपण लगेच म्हणतो, याचा व्यवसाय करा, शंभर नग करा, स्टॉल लावा. तिला विकायचं असेल तर जरूर विकू दे, चांगल्या भावाने विकू दे. पण नसेल विकायचं तर? काही गोष्टी बाईने स्वतःसाठी करायच्या असतात. चैत्रात आमच्या वाड्यात आई चैत्रांगण काढायची. झोपाळ्यातली गौर, हत्ती, कासव, शंख, चंद्र-सूर्य, सगळं शिरगोळ्याच्या भुकटीने, चिमटीतून. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच ते झाडून टाकायची आणि पुन्हा काढायची. मी विचारायचे, आई, पुसणारच आहेस तर कशाला काढतेस? ती म्हणायची, "काढताना बरं वाटतं." त्यात तिला पैसा नव्हता, नाव नव्हतं, पुण्य तरी किती होतं कोण जाणे. दिवसभरात तेवढी वीस मिनिटं तिला कुणी हाक मारत नसे, कारण हातात रांगोळी होती. बाईला अशी वीस मिनिटं असावीत की नाही?

कुणी म्हणेल, आता वय झालं, आता काय शिकायचं. त्यांना आपल्या नाशिकचीच एक गोष्ट सांगते. लक्ष्मीबाई टिळक जवळच्या जलालपूरच्या, १८६८ चा जन्म. अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न. शाळा नाही. लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. त्यांची 'स्मृतिचित्रे' पुस्तकरूपाने यायला लागली १९३४ साली, म्हणजे तेव्हा त्या पासष्टी ओलांडलेल्या होत्या. १९३६ साली त्या इथेच नाशिकला गेल्या. मराठीतलं एक थोर पुस्तक घर-संसार, गरिबी, धर्मांतर, वैधव्य या सगळ्यांतून गेलेल्या एका बाईने म्हातारपणी लिहिलं. तेव्हा आपल्यातल्या साठीच्या बायकांनी उगीच घाबरू नये.

आता शेवटी, नुसतं बोलून जाऊ नये म्हणून तीन गोष्टी मागते. सरकारकडे नाही, आपल्या सगळ्यांकडे.

एक, वेळ. घरकामाची वाटणी हा प्रश्न आपण नेहमी नोकरीच्या संदर्भात मांडतो. नोकरी न करणाऱ्या बाईलाही तिच्या मालकीचा रोज एक तास पाहिजे, आणि त्या तासात ती काय करते हे कुणी विचारता कामा नये.

दोन, जागा. घरात मुलाला अभ्यासाचं टेबल असतं, म्हाताऱ्यांची आरामखुर्ची असते. बाईचं सामान पिशवीत, आणि ती पिशवी कॉटखाली. एक कपाटातला खण चालेल. पण तो तिचा, आणि अर्धवट काम पसरून ठेवायची मुभा. आपल्या संघटनेच्या कार्यालयातही आठवड्यातून एक दुपार अशी ठेवा, की तिथे बायका आपलं काम घेऊन येतील. आणि बैठकीत कुणी सुई काढली तर काढू द्या. हात चालत असतील तर कानही नीट चालतात, हा माझा अनुभव आहे.

तीन, नाव. पुढच्या मेळाव्यात बायकांच्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलंत, तर प्रत्येक वस्तूखाली करणारीचं नाव लिहा, गाव लिहा, आणि कुणाकडून शिकली तेही लिहा. 'बचत गटाचं उत्पादन' एवढंच लिहू नका.

माझ्यापुरतं मी हे करायला लागले आहे. लग्नानंतर एकोणीस वर्षांनी, घर बदलताना, माळ्यावरचं रुखवताचं खोकं खाली आलं. टेबलक्लॉथ उंदरांनी खाल्ला होता. मोराला कसर लागली होती, पिसारा अर्धा गेला होता, पण मान शाबूत होती. मी तेवढा भाग कापून घेतला. पुढे त्या सिन्नरच्या बाईंबरोबर बसून पहिली गोधडी शिवली, तेव्हा तो मोर मी मधोमध लावला, भोवती त्यांनी आणलेला लाल खण. आज ती गोधडी इथे मागे टांगली आहे, भाषणानंतर जवळ येऊन बघा. उजव्या कोपऱ्यात, उलट्या टिपेने, दोन नावं भरली आहेत. एक माझं. दुसरं त्यांचं.

आणि मोराची मान का वळलीय, हे कुणाला विचारायचं असेल तर जरूर विचारा. मी वाट बघतेय.